रुग्णाचे शब्द आणि रोगाचे निदान : शहापूर-मुरबाड परिसर व मल्टिपल स्क्लेरोसिस

वैद्यकशास्त्राचे बहुतेक ज्ञान आज यंत्रांच्या साहाय्याने मिळते. तथापि निदानाचा आरंभ अद्यापि भाषेतच होतो. रुग्ण काही बोलतो, ऐकणारा त्याचा काही अर्थ करतो, आणि त्या अर्थानुसार पुढील तपासणीची दिशा ठरते. अर्थ चुकला तर दिशा चुकते, आणि दिशा चुकली की उत्तमातील उत्तम यंत्रही उपयोगी पडत नाही, कारण रुग्ण त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. त्याची आरंभीची लक्षणे बहुधा बाहेरून दिसत नाहीत, ती केवळ सांगितली जातात. सांगण्याची भाषा ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील असली, तर आरोग्यसेवकांच्या शिक्षणात कोणता पालट व्हावयास हवा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रोगाचे स्वरूप

मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचा मज्जातंतू यांतील तंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. या आवरणामुळे मज्जातंतूंतील संदेश वेगाने व अखंड जातात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच या आवरणावर हल्ला करते. आवरण ठिकठिकाणी नष्ट होते, संदेश मंदावतात किंवा खुंटतात, आणि कालांतराने त्या जागी कठीण व्रण उरतात. ‘स्क्लेरोसिस’ या शब्दाच्या मुळाशी ‘कठीण’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे; ‘मल्टिपल’ या विशेषणाने व्रणांची अनेकता सूचित होते. फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथे या विकाराचे सुसंगत वर्णन करून त्यास स्वतंत्र रोगाचे स्थान दिले.

व्रण कोठे पडला यावर लक्षण अवलंबून असते. दृष्टीच्या तंतूवर पडला तर एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते व डोळा हलविताना दुखतो. मज्जारज्जूवर पडला तर पाय जड होतात, बधिर होतात, लघवीवरचा ताबा जातो. लहान मेंदूकडील मार्गावर पडला तर तोल जातो व हात थरथरतो. बहुसंख्य रुग्णांत ही लक्षणे काही दिवसांत वाढतात, काही आठवडे टिकतात आणि नंतर अंशतः किंवा पूर्णपणे ओसरतात. काही महिन्यांनी अथवा वर्षांनी शरीराच्या दुसऱ्याच भागात नवे लक्षण उद्भवते. निदानाचे तत्त्वही याच वैशिष्ट्यावर आधारलेले आहे : मज्जासंस्थेतील विकृती स्थळ आणि काळ या दोन्ही दृष्टींनी विखुरलेली आहे, हे दाखविणे हा त्याचा पारंपरिक पाया होय. २००१ मध्ये मांडण्यात आलेले आणि पुढे वेळोवेळी सुधारण्यात आलेले मॅक्डोनाल्ड निकष याच तत्त्वाचे तपशीलवार रूप होत.

रोगाचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. एप्स्टाइन-बार नामक विषाणूचा संसर्ग त्याच्या पूर्वपीठिकेत महत्त्वाचा असावा, यास २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या दीर्घकालीन रक्तनमुन्यांच्या अभ्यासाने बळकट आधार मिळाला. मात्र हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, आणि त्यांपैकी फारच थोड्यांना हा विकार होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस हा स्वतः संसर्गजन्य नाही, ही गोष्ट रुग्णाच्या कुटुंबीयांना पहिल्याच भेटीत सांगण्यासारखी आहे.

२. विरळ रोगाचे शिक्षण कशासाठी?

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना हा विकार होता. म्हणजे दर लाख लोकसंख्येस सुमारे ३६. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट असून निदान सरासरीने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी होते. भारतात हे प्रमाण बरेच कमी आढळते. मुंबईतील पारशी समाजाच्या १९८० नंतरच्या दशकातील पाहणीत ते दर लाखास २१ आढळले होते. तथापि तो समाज या बाबतीत अपवादात्मक मानला जातो. मंगळूर येथील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते दर लाखास आठाच्या किंचित वर होते.

२०११ च्या जनगणनेनुसार शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. मंगळूरचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. केवळ कल्पना यावी म्हणून ते लावले, तर या परिसरात सुमारे चाळीस रुग्ण असावेत. याचा अर्थ एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास आपल्या तेथील सेवेच्या काळात असा एखादाच रुग्ण भेटेल, किंवा एकही भेटणार नाही. मग अशा रोगाच्या शिक्षणावर वेळ का खर्चावा, हा आक्षेप स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की, येथे शिकवावयाची गोष्ट एका रोगाच्या नावापुरती मर्यादित नाही. ‘पाय जड झाले’, ‘कमरेखाली बधिर वाटते’ असे सांगत येणाऱ्या रुग्णाच्या मुळाशी ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो, मणक्यांचा क्षय असू शकतो, मधुमेह असू शकतो, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसशी साम्य असणारा परंतु वेगळे उपचार मागणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार असू शकतो. यांपैकी प्रत्येकात वेळीच उपचार झाले तर अपंगत्व टळते किंवा लांबते, आणि प्रत्येकात उशीर महाग पडतो. शेवटच्या विकाराचे निदान २००४ मध्ये त्याच्याशी निगडित प्रतिपिंडाचा शोध लागल्यानंतर सुकर झाले. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधे त्या रुग्णांना अपायकारक ठरतात, म्हणून हा भेद ओळखणे अगत्याचे असते. हा अंतिम भेद अर्थातच तज्ज्ञांनी करावयाचा आहे. गावपातळीवरील आरोग्यसेवकाकडून अपेक्षा एवढीच की, रुग्णाचे बोलणे मज्जासंस्थेकडे निर्देश करीत आहे, हे त्याच्या ध्यानी यावे.

३. शब्दांचे अर्थ आणि त्यांचे फसवेपण

या ठिकाणी भाषेचा प्रश्न उभा राहतो. शरीरातील संवेदनांसाठी मराठीत पुष्कळ शब्द आहेत. परंतु त्यांच्या अर्थाच्या सीमा वैद्यकीय संज्ञांच्या सीमांशी जुळत नाहीत.

‘बधिर’ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. संस्कृतात त्याचा अर्थ बहिरा असा आहे, आणि ‘मूकबधिर’ या समासात तो अर्थ मराठीतही टिकून आहे. बोलण्यात मात्र ‘पाय बधिर झाला’ म्हणजे त्याची संवेदना गेली, असा अर्थ रूढ आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात या शब्दास आणखी एक संदर्भ आहे. कुष्ठरोग-नियंत्रणाच्या कार्यक्रमामुळे ‘बधिर चट्टा’ हा शब्दप्रयोग आरोग्यसेवकांच्या कानात पक्का बसलेला आहे. त्यामुळे ‘बधिर’ हा शब्द ऐकताच नजर कातडीवरील चट्ट्याकडे वळते. चट्टा सापडला नाही की तक्रार संपली असे वाटणे संभवनीय असते. वस्तुतः मज्जारज्जूच्या विकाराचा विचार तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे.

‘मुंग्या येणे’, ‘झिणझिण्या येणे’ आणि ‘सुन्न होणे’ हे तीन प्रयोग सामान्यतः एकमेकांऐवजी वापरले जातात. पहिल्या दोहोंत नसलेली संवेदना जाणवते, तिसऱ्यात असावयाची संवेदना जाणवत नाही. ‘सुन्न’ हा शब्द ‘शून्य’ या शब्दाचाच तद्भव होय. रुग्णाच्या दृष्टीने हा भेद नगण्य असेल, परंतु तपासणाऱ्यास तो विचारून घ्यावाच लागतो. मान पुढे वाकविताच पाठीतून पायांपर्यंत वीज गेल्यासारखे वाटणे, हे मज्जारज्जूच्या मानेतील भागाच्या विकाराचे महत्त्वाचे लक्षण आहे आणि फ्रेंच वैद्य लेर्मित यांच्या नावाने ते ओळखले जाते. मराठी रुग्ण त्याचे वर्णन ‘करंट बसल्यासारखे होते’ असे करील. पोटाभोवती पट्टा आवळल्याची जाणीव हेही असेच एक लक्षण होय. ते पोटाचे दुखणे समजले गेले, तर उपचारही पोटाचेच होतील.

‘चक्कर’ हा शब्द तर एकाच वेळी तीन निरनिराळ्या अवस्था दर्शवितो : भोवतालचे जग फिरल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि चालताना तोल जाणे. यांपैकी दुसरी अवस्था रक्तदाब उतरल्याने किंवा उपासानेही उद्भवते. तिसरीत मज्जासंस्थेचा विचार करावा लागतो. ‘अशक्तपणा’ या शब्दाची गतही तीच आहे. स्नायूंची शक्ती जाणे आणि विश्रांतीनेही न हटणारा थकवा येणे, या दोन्ही गोष्टींसाठी तो वापरला जातो. तरुण स्त्रीने ‘अंगात त्राण नाही’ असे सांगितले की रक्त कमी असल्याचे अनुमान काढून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. ते अनुमान पुष्कळदा खरेही असते. परंतु ‘कोणत्या कामाला त्राण पुरत नाही?’ एवढा एक प्रश्न अधिक विचारला, तर ‘डाव्या पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. मग रक्ताच्या कमतरतेचा विचार अपुरा ठरतो.

वाक्यरचनेतही असेच धोके आहेत. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात झाला, हा मराठीतील जुना वाक्प्रचार होय. त्यातील ‘वारे’ हे वातविकाराच्या प्राचीन कल्पनेचे अवशेष आहे. उलट, कर्ता गाळून एखादी स्त्री नुसते ‘अंगावरून जाते’ असे म्हणते, तेव्हा तिला स्राव अभिप्रेत असतो. क्रियापद एकच, शरीराचा निर्देशही एकच. भेद आहे तो कर्त्याच्या उच्चाराचा किंवा अनुच्चाराचा. ज्याची मातृभाषा मराठी नाही, अथवा ज्याची मराठी शहरात घडली आहे, अशा तरुण डॉक्टरास हा भेद कोणी शिकविलेला नसतो.

लघवीविषयीच्या तक्रारी तर लज्जेमुळे बोलल्याच जात नाहीत. मज्जारज्जूच्या विकारात घाईने लघवीला लागणे किंवा ती तुंबणे हे फार बोलके लक्षण असते. रुग्ण स्त्री व तपासणारा पुरुष असेल, तर ते बहुधा अव्यक्त राहते. येथे आशा कार्यकर्तीचे साहाय्य अनन्यसाधारण ठरू शकते, कारण ती गावातील स्त्री असते आणि तिला हा प्रश्न घरगुती शब्दांत विचारता येतो.

बोलण्यातील दोषाचा उल्लेखही आवश्यक आहे. लहान मेंदूच्या मार्गांवर परिणाम झाल्यास उच्चार तुटक होतात, अक्षरे सुटी सुटी पडतात, चालही डगमगते. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की गावात मद्यपानाचा संशय घेतला जातो. तो संशय आरोग्यसेवकाने सहज मान्य केला, तर रुग्ण उपचारांस मुकतोच, शिवाय नाहक बदनामही होतो.

४. काळाची भाषा

पूर्वी सांगितल्याप्रमाणे निदानात काळाच्या पुराव्यास महत्त्व असते. आधीचे लक्षण वेगळ्या अवयवाचे असते आणि ते ओसरून गेलेले असते. त्यामुळे रुग्ण त्याचा आजच्या तक्रारीशी संबंध जोडत नाही. डॉक्टर विचारतात, “पूर्वी कधी असे झाले होते का?” रुग्ण प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. या प्रश्नातील ‘असे’ हे पद आजच्या तक्रारीकडे, म्हणजे पायांकडे, निर्देश करते. दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवस अंधुक झालेला डोळा त्या ‘असे’मध्ये सामावत नाही. प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही निदानाच्या दृष्टीने निष्फळ ठरतो. त्याऐवजी “पूर्वी कधी एका डोळ्याने अंधुक दिसून आपोआप बरे वाटले होते का?”, “कधी एक वस्तू दोन दिसली होती का?”, “कधी हात किंवा पाय काही दिवस बधिर राहून पूर्ववत झाला होता का?” असे अवयवागणिक सुटे प्रश्न विचारावे लागतात.

काळाचे माप हाही विचार करण्याजोगा विषय आहे. शहापूर-मुरबाड हा भातशेतीचा प्रदेश. राब भाजणे, पेरणी, आवणी, कापणी, झोडणी या क्रमाने येथील वर्ष मोजले जाते. गणपती, दिवाळी, होळी आणि मुरबाड तालुक्यातील म्हशाची यात्रा हेही त्या वर्षातील टप्पे होत. ‘किती महिने झाले?’ या प्रश्नास जे उत्तर अंदाजाने मिळते, तेच ‘आवणीला चिखलात उभे राहता येत होते का? कापणीला?’ या प्रश्नास निश्चितपणे मिळते. पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. त्यांच्या बाबतीत आधीच्या तपासणीची नोंद एका गावी व नंतरची दुसऱ्या गावी राहते. रोगाचे उतार-चढाव ज्यावरून ओळखावयाचे, ती सलग हकीकतच त्यामुळे तुटते. शिवाय शरीराचे तापमान वाढले की मायलिन गमावलेल्या तंतूंतील संदेशवहन अधिक बिघडते. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहोफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली होती. भट्टीवर किंवा वैशाखातील उन्हात काम करताना दृष्टी अंधुक होणे आणि सावलीत ती सुधारणे, हे म्हणूनच केवळ ‘ऊन लागणे’ समजून सोडून देण्यासारखे नाही.

रोगाच्या पुनरुद्भवासाठी शहरी मराठीत ‘अटॅक’ किंवा ‘झटका’ हे शब्द वापरले जातात. ते दिशाभूल करणारे आहेत. झटका क्षणात येतो व क्षणात जातो. शिवाय तो हृदयविकाराशी आणि आकडीशी जोडला गेला आहे. या विकारातील नवे लक्षण हे निकषांनुसार किमान चोवीस तास टिकावे लागते, आणि प्रत्यक्षात ते आठवडेच्या आठवडे राहते. मराठीत याकरिता अधिक योग्य शब्द पूर्वीपासून आहेत. ‘दुखणे उलटले’ म्हणजे बरे होऊ लागलेले पुन्हा उद्भवले. ‘उतार पडला’ म्हणजे जोर ओसरला. या दोन प्रयोगांनी रोगाची गती जशी स्पष्ट होते, तशी ती कोणत्याही नव्या पारिभाषिक शब्दाने होणार नाही. मात्र उतार पडण्याच्या काळात जो उपाय चालू असेल, मग ती गोळी असो वा भगताचा अंगारा, त्याचाच ‘गुण आला’ असे मानले जाते. यासाठी रुग्णास हिणविण्याचे कारण नाही. उतार हा या दुखण्याचा स्वभाव आहे आणि उतार पडलेला असतानाच पुढील अपंगत्व टाळण्याचे औषध चालू ठेवावयाचे असते, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे.

५. सातत्यशिक्षणाची दिशा

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान तीस तास सातत्यशिक्षणात भाग घ्यावा, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणाशी श्रेयगुणांची पद्धत जोडलेली आहे. या शिक्षणाची व्याख्याने बहुधा मोठ्या शहरांत व इंग्रजीत होतात, आणि त्यांचा भर नव्या औषधांवर असतो. तो अनावश्यक नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉनला या रोगासाठी मान्यता मिळाल्यापासून उपचारांत मोठी प्रगती झाली आहे, आणि लवकर सुरू केलेल्या औषधांचा लाभ अधिक होतो, हेही आता सर्वमान्य आहे. परंतु लवकर सुरू करण्यासाठी आधी लवकर ओळखावे लागते, आणि ओळखण्याचे स्थान डोळखांब, किन्हवली किंवा टोकावडे यांसारख्या गावी असते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय हा त्यानंतरचा टप्पा. मज्जाविकारतज्ज्ञ व एम.आर.आय. यांसाठी रुग्णास पुढे ठाणे-मुंबईकडेच जावे लागते. शहापूर तालुक्यास कसारा मार्गावरील लोकलची सोय तरी आहे. मुरबाडला रेल्वे नाही. अशा प्रवासाची एक खेप म्हणजे मजुरीचा एक बुडालेला दिवस, आणि सोबत येणाऱ्याचाही. चुकीच्या दिशेने पाठविलेला रुग्ण दुसरी खेप करीलच, असे गृहीत धरता येत नाही.

या परिस्थितीत चार गोष्टी सुचविता येतील. पहिली, डॉक्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका व आशा कार्यकर्ती यांचे एकत्र मराठीतून शिक्षण व्हावे. त्यात लक्षणांची यादी देण्याऐवजी लक्षणे ज्या शब्दांत सांगितली जातात त्या शब्दांचा अभ्यास असावा. दुसरी, वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, आगरी व कुणबी यांच्या बोलींतील शरीरविषयक शब्दांचा संग्रह भाषाविभाग व आरोग्यविभाग यांनी मिळून करावा. ग्रिअरसन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वारली व कातकरी बोलींचे नमुने आहेत. परंतु त्या सर्वेक्षणाचा हेतू व्याकरण व वर्गीकरण हा होता, दुखणे कसे सांगतात हे टिपण्याचा नव्हता. तिसरी, वरच्या रुग्णालयास पाठवावयाच्या चिठ्ठीत वैद्यकीय संज्ञेबरोबर रुग्णाचे मूळ वाक्यही देवनागरीत लिहावे. ‘जनरल वीकनेस’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीतून निसटणारी चप्पल नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर निदानाचा धागाही. चौथी, ‘एम.एस.’ हे संक्षिप्त रूप टाळावे. रुग्णालयाच्या परिसरात त्याचा पहिला अर्थ शल्यचिकित्सकाची पदवी हा होतो. रोगाचे नाव पूर्ण लिहावे व पूर्ण उच्चारावे.

निदानानंतरची भाषाही या शिक्षणाचा भाग असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वात मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास अधिनियमातील काही विशेष लाभ मिळू शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईतून रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्य करीत आहे. उतार पडलेला रुग्ण वरवर धडधाकट दिसतो. अशा वेळी त्याचा थकवा हा आळस नव्हे, असे प्रमाणपत्र देणाऱ्यास, मालकास आणि सासरच्या माणसांस समजावून सांगणारा कोणी तरी लागतो. ते काम गावातील आरोग्यसेवकाखेरीज दुसरे कोण करणार?

६. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. विरळ रोगाचे निदान व्हावयाचे तर तो रोग पाठ असण्यापेक्षा सामान्य तक्रारींतील असामान्य भाग ऐकू येणे अधिक महत्त्वाचे असते. आणि हे ऐकणे शिकविता येते. दुसरे असे की, बोलीभाषांचा अभ्यास हा केवळ विद्यापीठीय कुतूहलाचा विषय नाही. शब्दाचा अर्थ, त्याची सीमा, त्यातील गाळलेला कर्ता आणि ‘असे’ या पदाचा निर्देश यांची चिकित्सा भाषाविज्ञानाच्या वर्गात नेहमीच होते. तीच चिकित्सा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचली, तर एखाद्या तरुण शेतकरी स्त्रीचे पाय काही वर्षे अधिक काळ तिच्या आज्ञेत राहतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी विषय निवडताना या क्षेत्राचा अवश्य विचार करावा.